स्टोरेजमध्ये घरसामान आणि धंद्याचा माल: करार एक नको, दोन करा

प्रश्न: आम्ही कोथरूडला राहतो. आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली असून दोन महिन्यांत घर रिकामं करायचं आहे. बिल्डर भाडं देणार आहे, पण भाड्याच्या लहान घरात सगळं सामान मावणार नाही. त्यात सासूबाईंचं सागवानी कपाट आणि तांब्या-पितळेची भांडी आहेत, त्यांत दिरांचाही वाटा आहे. शिवाय मी घरूनच साड्यांचा व्यवसाय करते. जीएसटी नोंदणी याच पत्त्यावर आहे आणि साधारण आठ लाखांचा माल कायम घरात असतो. दोन कंपन्यांकडे चौकशी केली. एकीकडे स्वतंत्र खोली मिळते, कुलूप आपलं. दुसरीकडे त्यांचीच माणसं येऊन सामान बांधून वाघोलीच्या गोदामात नेतात. भाडं कमी, पण हवं तेव्हा जाता येत नाही. दोन्ही करारांत ‘माल मालकाच्या जोखमीवर’ आणि ‘६० दिवस भाडं थकल्यास मालाचा लिलाव’ अशी कलमं आहेत. कुठे ठेवावं? सही करावी का?
– एक वाचक, पुणे

उत्तर:

ताई, सही करण्याआधी विचारलंत हे फार बरं केलंत. एरवी अशी पत्रं माल भिजल्यावर किंवा लिलावाची नोटीस हातात पडल्यावर येतात.

भाडं आणि अंतर तुम्ही पाहिलंच आहे. कायद्याच्या दृष्टीने आधी पाहायचं ते कुलूप कोणाचं. तुम्ही सामान कंपनीच्या ताब्यात दिलंत, तिने ते सांभाळायचं आणि मागाल तेव्हा परत करायचं, असा व्यवहार असेल तर तो १८७२ च्या करार कायद्यातल्या कलम १४८ खाली बेलमेंट ठरतो. मग कलम १५१ लागतं: शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूंची जितकी काळजी घेईल, तितकी कंपनीने तुमच्या सामानाची घेतली पाहिजे. सामान हरवलं किंवा खराब झालं, तर पुरेशी काळजी घेतली होती हे कंपनीने दाखवायचं असतं.

खोली भाड्याने घेऊन कुलूप तुम्हीच लावलंत, तर कंपनी म्हणेल, ‘आम्ही फक्त जागा वापरायला दिली, आत काय होतं ते आम्हाला ठाऊक नाही.’ या म्हणण्यात दम आहे. १९३८ चा मद्रास उच्च न्यायालयाचा एक निकाल आजही वकिलीच्या अभ्यासात शिकवतात. एका बाईंनी जुने दागिने मोडून नवे घडवायला सोनाराकडे दिले होते. रोज संध्याकाळी त्या अर्धवट झालेले दागिने परत घेत, सोनाराच्याच खोलीतल्या पेटीत ठेवत, पेटीला कुलूप लावत आणि किल्ली घरी नेत. एका रात्री दागिने चोरीला गेले. पेटी सोनाराच्या खोलीत असली तरी दागिने त्याच्या ताब्यात नव्हते, म्हणून जबाबदारी त्याच्यावर टाकता येत नाही, असं न्यायालयाने ठरवलं. तुमच्या पहिल्या पर्यायाचं चित्र याहून फार वेगळं नाही.

म्हणून माझा सल्ला असा: घरसामान दुसऱ्या कंपनीच्या गोदामात द्या आणि साड्या स्वतःच्या कुलपाच्या खोलीत ठेवा. करार मात्र दोन वेगळे करा.

कारण सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तक्रार ‘ग्राहक’ करू शकतो. व्यापारी कारणासाठी सेवा घेणारा या व्याख्येत बसत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला सवलत आहे आणि तुम्ही त्यात बसाल असं मला वाटतं, पण ते तुम्हाला सिद्ध करावं लागेल. कपाटं, गाद्या, भांडी आणि आठ लाखांच्या साड्या एकाच करारात एकाच बिलावर ठेवल्यात, तर उद्या सासूबाईंचं सागवानी कपाट वाळवीने खाल्लं तरी कंपनीचा वकील पहिली हरकत हीच घेईल की हे व्यापारी गोदाम आहे, तक्रार इथे चालत नाही. मूळ प्रश्नाला हात लागण्याआधीच वर्ष जाईल. घरसामानाचा करार तुमच्या किंवा साहेबांच्या वैयक्तिक नावावर करा, साड्यांचा व्यवसायाच्या नावावर जीएसटी क्रमांकासह.

हलवतानाही दोन्ही एका टेम्पोत भरू नका. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल (माल नेण्याआधी ऑनलाइन काढायचा जीएसटीचा कागद) लागत नाही. विक्रीचा माल मात्र स्वतःच्याच गोदामात हलवत असलात तरी डिलिव्हरी चलन (विक्री न करता माल हलवताना द्यायचा कागद) सोबत हवं, आणि राज्यांतर्गत एक लाखाच्या वर किंमत गेली तर ई-वे बिलही.

जीएसटीकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. तुमच्या नोंदणीवरचा पत्ता काही महिन्यांत पाडला जाणार आहे. व्यवसायाची जागा बदलली की १५ दिवसांत पोर्टलवर दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. भाड्याच्या घरातून व्यवसाय करणार असाल तर ती मुख्य जागा आणि स्टोरेजची खोली ‘अतिरिक्त जागा’ म्हणून दाखवा. नोंद नसलेल्या जागी एवढा माल सापडला तर अधिकारी तो हिशेबाबाहेरचा समजून जप्त करू शकतात, मग खरेदीची बिलं घेऊन खेटे घालत बसावं लागतं. त्यामुळे कंपनीला भाव विचारण्याआधी हे विचारा: व्यवसायाच्या नावाने करार, संमतिपत्र आणि जागेचं लाइट बिल देता का? काढता पाय घेतला तर ती जागा साड्यांसाठी सोडून द्या, भाडं कितीही कमी असो.

आता ‘मालकाच्या जोखमीवर’. हे वाक्य वाचून लोक हातपाय गाळतात, पण ते दिसतं तितकं पक्कं नाही. १९९८ मध्ये दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलने पार्किंगसाठी ताब्यात घेतलेली गाडी चोरीला गेली होती. पावतीवर हेच छापलेलं होतं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गाडी एकदा ताब्यात घेतली की स्वतःच्या किंवा नोकरांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशा छापील ओळीने झटकता येत नाही. वाघोलीच्या गोदामात तुम्हाला या निकालाचा आधार मिळेल. स्वतःच्या कुलपाच्या खोलीत तो तितका मिळणार नाही, म्हणून तिथे विमा हाच आधार.

घराचा विमा असला तर तो पॉलिसीवरच्या पत्त्यापुरता असतो. सामान हलवण्याआधी विमा कंपनीला कळवा आणि नव्या जागेची नोंद लेखी घ्या. साड्यांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’सारखी पॉलिसी खोलीच्या पूर्ण पत्त्यासह काढा आणि चोरीचं संरक्षण वेगळं घ्या, कारण आग-पुराच्या पॉलिसीत साधी घरफोडी येत नाही. खोली तळमजल्यावर असेल तर घेऊच नका. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याला एकतानगरीत पाणी शिरलं, ते पुण्यात सगळ्यांनी पाहिलं आहे. रेशमाला आणि जरीला नुसती ओलसुद्धा पुरते.

लिलावाच्या कलमात खरी मेख आहे. थकलेल्या भाड्यासाठी माल अडवून ठेवायचा हक्क कराराने देता येतो, पण माल अडवणं वेगळं आणि विकणं वेगळं. विकण्याचा अधिकार कंपनीला मुख्यतः तुमच्या सहीतून मिळतो. त्याच्या खाली बघा: ‘नोटीस करारातील पत्त्यावर पाठवली की बजावली असे समजले जाईल.’ करारात पत्ता कुठला? कोथरूडचा, जिथे तीन महिन्यांनी पत्र्याचं कुंपण असेल! योग्य पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवलेली नोटीस मिळाली असं कायदाही गृहीत धरतो. बँकेचं कार्ड बदलल्यामुळे आपोआप जाणारं भाडं थांबलं, नोटीस शेरा पडून परत गेली आणि लिलाव झाला, तर ते निस्तरणं फार अवघड. म्हणून दोन पत्ते लिहून घ्या, एक भाड्याच्या घराचा आणि एक माहेरचा किंवा कुणा स्थिर नातेवाइकाचा. ई-मेल आणि मोबाइलवर सूचना देण्याची अट घाला. ६० ऐवजी ९० दिवस मागा. विक्रीआधी शेवटची ३० दिवसांची लेखी नोटीस आणि भाडं वळतं करून उरलेली रक्कम तुम्हाला परत, एवढं तरी लिहून घ्याच. ‘छापील फॉर्म बदलत नाही’ असं उत्तर आलं तर वेगळ्या कागदावर दोघांच्या सह्यांनी पुरवणी करा. तीही नाकारली तर दुसरी कंपनी शोधा.

बँकेच्या लॉकरमधला माल आगीत गेला, चोरीला गेला किंवा कर्मचाऱ्याने लंपास केला, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने वर्षाच्या भाड्याच्या शंभर पटींपर्यंत बँकेची जबाबदारी असते. खासगी स्टोरेजसाठी असा खास नियम नाही. म्हणून करारातली एकेक ओळ मी इतकी चघळतो आहे. दागिने, चांदी, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, बिल्डरशी केलेला मूळ करार यातलं काहीही स्टोरेजला देऊ नका.

घरसामान देताना प्रत्येक खोक्यावर नंबर घाला, आतल्या वस्तूंची यादी आणि अंदाजे किंमत लिहा, आणि त्या यादीवर कंपनीच्या माणसाची सही-शिक्का घ्या. ‘२२ खोकी, घरगुती सामान’ एवढ्या पावतीवर कुणालाच भरपाई मिळत नाही. फ्रिज, कपाट, टीव्ही यांचे फोटो त्याच दिवशी काढा, आधीचे ओरखडेही दिसू द्या. गॅस सिलिंडर, थिनर, रंगाचे डबे देऊ नका. धोकादायक वस्तू न सांगता दिल्यात आणि आग लागली, तर भरपाई तुमच्याकडूनच मागतील.

‘सर्व वाद बंगळुरूच्या न्यायालयात’ किंवा ‘लवादाकडे’ असं कलम असेल तर घरसामानापुरतं त्याचं दडपण घेऊ नका. ग्राहक म्हणून तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते आणि लवादाचं कलम आड येत नाही. आयोगाची पायरी (जिल्हा, राज्य की राष्ट्रीय) तुम्ही भरलेल्या भाड्यावर ठरते, मालाच्या किमतीवर नव्हे. पाच लाखांपर्यंत शुल्कही नाही. तक्रारीची मुदत दोन वर्षांची. फक्त ‘हे कलमच अन्यायकारक, रद्द करा’ अशी मागणी असेल तर राज्य आयोगाकडे जावं लागेल.

एक गोष्ट तुम्ही पत्रात ओझरती लिहिली आहे: सागवानी कपाट आणि तांब्या-पितळेची भांडी सासूबाईंची, त्यात दिरांचाही वाटा. सामायिक मालकीच्या वस्तू सगळ्यांनी मिळून ठेवल्या असतील आणि करारात वेगळं काही नसेल, तर कंपनी त्या एका मालकाच्या सांगण्यावरून परत देऊ शकते. करार कायद्याचं कलम १६५ तसं म्हणतं. त्या वस्तूंची यादी वेगळी करा, दिरांना दाखवून त्यांची सही घ्या आणि ‘दोघांच्या लेखी संमतीशिवाय देऊ नये’ असं करारात लिहा. बाकी सामानासाठी तुमच्याशिवाय कोणाला द्यायचं ते नावानिशी नोंदवा. पुनर्विकासाला तीन वर्षं सांगितली असली तर करार चार वर्षांपर्यंत वाढवता येईल आणि दरवर्षी भाडं किती टक्के वाढेल, हे आत्ताच ठरवून घ्या.