निवळी, चरबी आणि विहिरीतली बुडी

प्रश्न : वर्गात चुन्याच्या निवळीत नळीने फुंकण्याचा प्रयोग घेते. निवळी दुधाळ होते, पण फुंकत राहिल्यावर पुस्तकात लिहिल्याप्रमाणे पुन्हा नितळ काही होत नाही. दहा मिनिटं फुंकूनही नाही. चुन्यात खोट असेल का? (एक शिक्षिका, जि. सातारा)

उत्तर : निवळी दुधाळ झाली म्हणजे चुना चांगला आहे. अडचण आहे ती निवळीच्या दाटपणाची. दुधाळपणा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण. आणखी कार्बन डायऑक्साइड मिळाला की त्याचं बायकार्बोनेट होऊन ते विरघळतं, हे खरं. पण किती विरघळेल, हे त्या वायूच्या प्रमाणावर ठरतं. संगमरवरावर आम्ल टाकून काढलेला वायू जवळजवळ शुद्ध असतो. आपल्या उच्छ्वासात तो जेमतेम 4 टक्के. (ऑक्सिजन 16 टक्क्यांच्या आसपास शिल्लक असतो आणि नायट्रोजन गेला तसाच परत येतो.) एवढ्याशा वायूच्या जोरावर लिटरभर पाण्यात कार्बोनेट पाव ग्रॅमच्या आसपासच विरघळतं. मुरलेल्या निवळीत मात्र लिटरमागे दोन ग्रॅम कार्बोनेट तयार होतं. मुलांनी दिवसभर फुंकलं तरी ते जाणार कुठे?

असं करून बघा. पानपट्टीवरचा साधा, ओला चुना अर्धा चमचा घ्या, सुगंधी नको. बाटलीत अर्धा लिटर पाणी घालून हलवा, झाकण घट्ट लावून रात्रभर ठेवा. सकाळी तळ न ढवळता वरचं नितळ पाणी ओतून घ्या. वर साय दिसली तर बाजूला सारा; हवेतल्या वायूने तिथे आधीच कार्बोनेट धरलेलं असतं. उघडा राहून सुकलेला चुना याच कारणाने निकामी होतो. आता एक भाग निवळीत बारा भाग डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, त्यात बायकार्बोनेट आधीच असतं. दुधाळपणा फिका येईल, म्हणून नळीमागे काळा कागद धरा. काही मिनिटांत तो ओसरू लागेल. नितळ झालेलं पाणी उकळलं की वायू निघून जातो आणि गढूळपणा परत येतो. हा भाग बहुतेक शाळांत राहून जातो, खरं तर तोच सगळ्यात मजेचा.

फुंकायचं, ओढायचं नाही. चुना तोंडात किंवा डोळ्यात गेला तर भाजतो. आणि एकाच मुलाला फुंकत ठेवू नका, चक्कर येते. त्याचं कारण तिसऱ्या उत्तरात आहे.

प्रश्न : चरबी ‘जळते’ म्हणतात, मग ती जाते कुठे? घामातून? आणि भराभर श्वास घेतल्याने वजन उतरेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बहुतेक नाकावाटे जाते. 10 किलो चरबीचं पूर्ण ऑक्सिडेशन झालं तर त्यातली सुमारे 8.4 किलो चरबी कार्बन डायऑक्साइड होऊन उच्छ्वासातून जाते आणि 1.6 किलोचं पाणी होतं. त्यासाठी आत घ्यावा लागणारा ऑक्सिजन 29 किलो!

भराभर श्वासाने मात्र काही साधत नाही. वायू पेशींत तयार होतो, फुप्फुस फक्त तो बाहेर टाकतं. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला 250 मिलिलिटरच्या आसपास ऑक्सिजन वापरतो. एका लिटरमागे सुमारे 20 किलोज्यूल ऊर्जा सुटते, म्हणजे मिनिटाला 5 किलोज्यूल. साधारण 80 वॅटच्या दिव्याइतकी. हा खप वाढवायचा तर स्नायूंना काम द्यायला हवं. 180 ग्रॅम ग्लुकोजमधून सुटणाऱ्या 2,870 किलोज्यूलपैकी तिसरा हिस्साच एटीपी या पेशींतल्या ऊर्जावाहक रेणूत साठतो, बाकीची उष्णता. जिना चढल्यावर अंग तापतं ते त्यामुळे.

प्रश्न : आमच्याकडची पोरं विहिरीत सूर मारण्याआधी दहा-पंधरा वेळा जोरात श्वास घेतात. त्याने दम जास्त टिकतो म्हणे. (एक वाचक, सांगली)

उत्तर : टिकल्यासारखा वाटतो, आणि तिथेच घात होतो. निरोगी माणसाच्या धमनीतलं हिमोग्लोबिन एरवीही 97-98 टक्के ऑक्सिजनने भरलेलं असतं, जोरात श्वास घेऊन त्यात फारशी भर पडत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र भराभर निघून जातो. रक्त अल्कधर्मी होतं, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटांना मुंग्या येतात. निवळीत फुंकणाऱ्या मुलाला चक्कर येते ती हीच. श्वास घ्यायची ओढ मुख्यतः याच वायूच्या साठण्याने लागते. तो आधीच उतरवून ठेवला की ओढ उशिरा लागते, तोवर ऑक्सिजन संपत येतो आणि पोरगा पाण्याखालीच बेशुद्ध पडतो. गुदमरल्याची जाणीव नाही, धडपड नाही, हाक नाही. वर थांबलेल्यांना वाटतं, आज दम चांगला टिकलाय.

बुडीआधी एक-दोन साधे श्वास पुरेत. काठावर एकाने सेकंद मोजत थांबावं, आणि तो स्वतः पोहणारा असावा.