गुहेत किती जणांनी जावे?

प्रश्न : आमची मुलगी हिवाळ्यात मेघालयातील गुहा पाहायला जाणार आहे. सहलीत सहाच जण आहेत आणि खर्च मात्र मोठ्या बससहलीपेक्षा बराच जास्त आहे. काळोखात, चिखलातून सरपटत जाण्यासाठी लोक एवढे पैसे का मोजतात आणि माणसे इतकी थोडी का घेतात, हे समजावून सांगावे.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपल्या प्रश्नाचा शेवटचा भाग आम्ही आधी घेतो, कारण त्यातच पहिल्या भागाचे उत्तर बरेचसे आहे. चेरापुंजीजवळच्या मावस्माई गुहेत विजेचे दिवे आहेत, त्यामुळे तेथे बसभर माणसेही एकामागून एक चालत जाऊ शकतात. जेथे दिवे नाहीत आणि वाटही नाही, तेथे मात्र माणसांची संख्या गुहाच ठरवते. पोटावर सरपटत ओलांडायच्या एखाद्या चिंचोळ्या जागी प्रत्येकाला तीन मिनिटे लागली, तर सहा जणांच्या गटातील पहिल्याला पलीकडे पाव तास थांबावे लागते. पंचवीस जण असतील तर तोच माणूस ओल्या कपड्यांनी सव्वा तास बसून राहतो, आणि थंडीने काकडलेल्या माणसाचा पाय पुढच्या निसरड्या दगडावर हमखास चुकतो. चारांपेक्षा कमी जणांनी जाऊ नये, असाही गुहा धुंडाळणाऱ्यांचा जुना दंडक आहे. एकाला दुखापत झाली तर एकाने त्याच्याजवळ थांबावे आणि मदत आणायला दोघांनी मिळून बाहेर जावे, एकट्याने जाऊ नये, हा त्यामागचा विचार आहे.

थोडी माणसे गुहेच्याही हिताची असतात. फ्रान्समधील लास्को येथील चित्रगुहा १९४० मध्ये सापडली आणि १९४८ मध्ये लोकांसाठी खुली झाली. रोज येणाऱ्या शेकडो माणसांचे श्वास, त्यांच्या अंगाची ऊब आणि दिव्यांचा उजेड यांमुळे भिंतींवर शेवाळ धरू लागले, चित्रे बिघडू लागली, आणि १९६३ मध्ये ती गुहा बंद करावी लागली. मेघालयातील चुनखडीच्या गुहांत छतापासून लोंबणारे खडकाचे झुंबर एका वर्षात मिलिमीटरभरही वाढत नाही, आणि हाताचा तेलकटपणा लागला की त्या जागी त्याची वाढ खुंटू शकते. गट लहान असला तर कोणाचा हात कोठे जातो आहे, याकडे वाटाड्याला लक्ष देता येते.

आता लोक पैसे कशासाठी मोजतात, ते सांगतो. गुहेच्या आत, तोंडाचा उजेड जेथे पोहोचत नाही अशा जागी सर्वांनी दिवे मालवले की जो काळोख होतो, तो अमावास्येच्या रात्रीच्या काळोखासारखा नसतो. डोळे त्याला कधीच सरावत नाहीत, कारण पाहण्याजोगा उजेडच तेथे नसतो. मग पाण्याचे थेंब, शेजाऱ्याचा श्वास आणि दूर कोठेतरी वाहणारा ओहोळ एवढेच उरते. पाच-सहा जण असतील तर हे अनुभवता येते. चाळीस जणांत कोणाचा तरी मोबाईल उजळतोच. दुसरे असे की, पुढच्याने ‘येथे दगड सुटा आहे’ म्हणून सांगायचे आणि आपण ते मागच्याला सांगायचे, अशा रीतीने तासन्‌तास एकमेकांवर विसंबून चालण्याचा प्रसंग शहरात वाढलेल्या मुलांना सहसा येत नाही, आणि आमच्या मते या सहलींचे खरे मोल त्यातच आहे. त्याखेरीज, नकाशात नसलेली जागा पाहण्याची ओढ असते. वालुकाश्मातील क्रेम पुरी ही साडेचोवीस किलोमीटर लांबीची गुहा २०१८ मध्ये मोजून झाली, म्हणजे आपल्या देशात अशी कामे आजही चालू आहेत.

आयोजकांना एक गोष्ट मात्र अवश्य विचारावी : अवेळी पाऊस आला तर सहल रद्द करणार का, आणि पैसे परत देणार का? थायलंडमधील थाम लुआंग गुहेत २३ जून २०१८ रोजी बारा मुले आणि त्यांचे प्रशिक्षक पावसाच्या पाण्यामुळे अडकले. पाणी उपसण्याच्या कामी सल्ला द्यायला आपल्याकडील किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञही गेले होते. मुले १० जुलैपर्यंत सुखरूप बाहेर आली, पण एका माजी नौसैनिक पाणबुड्याने त्या कामात प्राण गमावले. पैसे परत देण्याची तयारी नसलेला आयोजक आभाळ भरून आले तरी आत जाण्याच्या मोहात पडू शकतो.

प्रश्न : एवढ्या दूर न जाता कोकणातच असे काही करता येईल का? रत्नदुर्गाच्या कड्याखालील समुद्रगुहेत जाण्याचा आम्हा पाच मित्रांचा विचार आहे.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : करता येईल, पण येथील खडक वेगळा आणि धोकाही वेगळा, हे ध्यानात ठेवावे. कोकणात मेघालयासारख्या चुनखडीच्या लांबच लांब गुहा नाहीत. येथे एक तर जांभ्याच्या सड्याखाली, म्हणजे सपाट खडकाळ माळाखाली, मऊ माती वाहून गेल्यामुळे झालेली भुयारे आहेत, ज्यांचे छत पावसाळ्यानंतर ढासळू शकते. नाही तर खडकाच्या भेगांत शिरून लाटांनी कोरलेल्या गुहा आहेत. या दुसऱ्या प्रकारात परतीची वेळ समुद्र ठरवतो.

किनाऱ्यावरचा हिशेब आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारणपणे मिळते. चतुर्थीला तीन वाजता भरती, तर त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास असल्यामुळे ओहोटी भर दुपारी बारा वाजता येते, पण ते दिवस भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे, असल्याने पाणी फार मागे हटत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी सर्वांत खाली जाते खरे, पण ते सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. त्यातील संध्याकाळची वेळ आम्ही पूर्णपणे वर्ज्य मानतो, कारण वाढते पाणी आणि मावळता उजेड एकाच वेळी वाट्याला येतात. ओहोटी पुरी होण्याच्या तासभर आधी आत शिरावे आणि पाणी फिरताच बाहेर पडावे. भरतीच्या तिसऱ्या-चौथ्या तासात पाणी सर्वांत वेगाने चढते, त्यामुळे ‘अजून गुडघाभरच आहे’ या समजुतीवर थांबू नये. हा हिशेब ढोबळ आहे. निघण्यापूर्वी त्या दिवसाचे भरतीचे कोष्टक पाहावे, तेथील मासेमाऱ्यांना लाटांविषयी विचारावे, आणि ते नको म्हणाले तर जाऊ नये. पावसाळ्यात तर विचारही करू नये. पाच जण ही संख्या योग्य आहे, मात्र पाचांपैकी एक जण तरी तेथे आधी जाणत्या माणसाबरोबर जाऊन आलेला असावा. प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट आणि त्यावर दिवा असावा, शिवाय जवळ आणखी दोन दिवे असावेत, आणि किती वाजता परतणार हे घरी सांगून निघावे.

प्रश्न : गुहेतील वटवाघळांमुळे आजार होतात का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : वटवाघळांच्या साचलेल्या विष्ठेत हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी वाढू शकते आणि तिची धूळ श्वासावाटे गेल्यास फुफ्फुसांना त्रास होतो, म्हणून कोरड्या विष्ठेचे थर तुडवू नयेत आणि दम्याच्या रुग्णांनी अशा गुहा टाळाव्यात. वटवाघळाला हात लावू नये. ते चावले तर जखम साबणाने धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी डॉक्टरांकडे जावे.

पण माणसाचा त्यांना होणारा त्रास कितीतरी मोठा आहे. दिवसा झोपलेल्या थव्यावर झोत पडला की ती उडतात आणि पिल्ले खाली पडतात. आपल्या जवळच निवतीसमोरच्या वेंगुर्ला रॉक्स या खडकाळ बेटांवरील गुहेत पाकोळ्या (ही वटवाघळे नव्हेत, लहान पक्षी आहेत) उन्हाळ्यात लाळेची घरटी बांधतात आणि काळोखात ‘टिक्‌टिक्‌’ आवाज करून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट काढतात. पूर्व आशियात सूपासाठी या घरट्यांना मोठी किंमत मिळत असल्याने त्यांची चोरीही झालेली आहे. घरट्यांच्या दिवसांत कोणी त्या गुहेच्या आत नेण्याचे कबूल करत असेल, तर गट कितीही लहान असला तरी नकार द्यावा आणि पाकोळ्या होडीतूनच पाहाव्यात.