दुधाची दाढ पडणारच आहे, मग काढून टाकली तर?

प्रश्न : मुलगी ६ वर्षांची आहे, खालची दाढ किडलीये आणि रात्री ठणकायला लागली की रडत उठते. डॉक्टर रूट कॅनल म्हणतायत, सासूबाई म्हणतात दुधाचीच तर आहे, उपटून टाका. काय करू? शिवाय खालचे दोन नवीन दात जुन्यांच्या मागून आलेत, तेही सांगा.

उत्तर : ताई, आधी समोरच्या दोन दातांच्या मधल्या रेषेपासून मागे दात मोजा. दुधाचे दात एका बाजूला ५ च असतात, त्यामुळे किडलेली दाढ सहावी असेल तर ती दुधाची नाहीच, कायमची आहे! सहाव्या वर्षाच्या आसपास ती गुपचूप मागून येते, कुठलाच दात पडत नाही म्हणून घरात कुणाला पत्ताच लागत नाही.

चौथी-पाचवी असेल तर दुधाची, पण सासूबाईंचं 'पडणारच आहे' हे पुढच्या दातांना लागू आहे, दाढा १० ते १२ वर्षांपर्यंत लागतात, आत्ता काढली तर मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्याला जागाच उरत नाही, मग तो वाकडा येतो नाहीतर आतच अडकतो. त्यामुळे वाचत असेल तर वाचवाच. लहान मुलांचं रूट कॅनल करतात, त्यात भरतात ते औषध मुळाबरोबर विरघळून जातं, वर स्टीलची कॅप बसवतात आणि दाढ पडली की कॅपही तिच्याबरोबर जाते. मूळच खाल्लं गेलंय किंवा सारखा पू होतोय तर मात्र काढावीच लागते, तेव्हा जागा धरून ठेवणारी तार बसेल का ते डॉक्टरांना नक्की विचारा. काढल्यावर २-३ तास लक्ष ठेवा, बधीर ओठ पोरं गंमत म्हणून चावत बसतात आणि संध्याकाळी तो सुजतो. गालाला सूज किंवा ताप आला तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी दाखवा. लवंग तेलाचा बोळा नको, हिरडी भाजते.

मागून आलेल्या दातांचं एवढं टेन्शन नको. जुने हलत असतील तर तिलाच जिभेने हलवू दे, बहुतेक वेळा पडतात आणि जीभच नव्यांना पुढे ढकलते. जुने घट्ट असतील तर दाढ दाखवायला जाल तेव्हाच दाखवा.

आणि रात्रीचा ब्रश तुम्हीच करा, वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते, त्यानंतर दूध-बिस्किट नाही, फक्त पाणी.