बशीतून चहा पिणं गावंढळ कधी झालं?

प्रश्न : ताई, माझं माहेर मंगळवेढ्याचं, लग्नानंतर पुण्यात असते. आईबाबा राहायला आले होते तेव्हा नवऱ्याच्या ऑफिसमधले काहीजण घरी आले. बाबा नेहमीसारखे बशीत ओतून चहा प्यायले. रात्री नवरा म्हणाला, बाबांना सांग जरा, चारचौघांत सोफिस्टिकेटेड वाटत नाही. सोफिस्टिकेटेड म्हणजे नक्की काय आणि ते ठरवतं कोण? बाबांना सांगू का? – एक वाचक, पुणे

उत्तर : अगं, बाबांना एक अक्षरही बोलू नकोस, हे आधी सांगते.

ज्या इंग्रजांचे मॅनर्स आपण शिकलो ना, त्यांच्याकडेच अठराव्या शतकात चांगल्या खात्यापित्या घरची माणसं चहा बशीत ओतून, गार करून प्यायची, बशा तेव्हा खोलगटच असायच्या, मग एकोणिसाव्या शतकात वरच्या थरातल्यांनी ते सोडलं आणि तेच गावंढळ ठरलं. जेवायच्या काट्याचं नेमकं उलटं. थॉमस कोरियट नावाचा इंग्रज 1608 मध्ये इटली फिरून आला, तिथलं बघून घरी काट्याने जेवायला लागला तर त्याचीच टर उडवली, कारण तेव्हा तिकडेही हातानेच जेवायचे. म्हणजे ठरवतं कोण, तर ज्यांच्या हातात पैसा आणि मान असतो ते, आणि बाकीचे त्यांच्याकडे बघून आपल्या घरच्यांना गप्प करतात.

तुझ्या गावची ज्वारीच बघ की. शहरात आलेल्या किती घरांत पाहुणे आले की पोळ्याच व्हायच्या, आणि शाळेत डब्यात भाकरी असलेलं पोर झाकण आडवं धरून खायचं, ज्वारी-बाजरी म्हणजे गरिबाचं खाणं हे डोक्यात पक्कं बसलेलं. आता त्याच मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाची खासियत म्हणून भौगोलिक मानांकन, मिळालंय, भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्य वर्ष केलं, आणि मोठ्या हॉटेलांत भाकरी मिलेट म्हणून ऐटीत वाढतात. भाकरी थापणाऱ्या बाईचा हात तोच आहे गं, तिला मान मात्र अजून मिळालेला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मला विचारशील तर कपबशीवरून माणसाची पारख करायचीच असेल तर वेगळ्या ठिकाणी बघ. छान सजवलेली, हळू आवाजात बोलणारी घरं असतात आणि तिथे कामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा, कोपऱ्यात पालथा घातलेला असतो, आपल्याकडे जातीवरून वेगळ्या कपबशा ठेवायचे त्याचीच ही पुढची पायरी, आणि त्यात कुणाला काही खटकत नाही. याउलट एकच चहा असेल तर अर्धा बशीत ओतून समोरच्याबरोबर वाटून घेणारी माणसं तूही गावाकडे पाहिली असशील, स्वतः बशी घेतात आणि कप पाहुण्याला देतात. दुसऱ्याला अवघडू न देता वागणं, मी तरी यालाच सोफिस्टिकेटेड म्हणते.

नवऱ्यावर लगेच चिडू नकोस, ऑफिसात आपल्याला कमी लेखतील ही भीती बऱ्याच जणांना असते आणि ती खरी असते. पण शांतपणे विचार त्याला, की त्या दिवशी कुणी काही बोललं का, की यालाच तसं वाटलं. आणि पुढच्या वेळी लोक येणार असतील तेव्हा बाबांच्या कपाखाली बशी आठवणीने ठेव.