मूळ रंग हवा असेल तर कधीच न रंगवलेली गाडी गाठा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची १९७८ची प्रीमियर पद्मिनी, तिला कंपनीचाच रंग द्यायचाय, आरसी बुकात नुसतं 'ग्रे' आहे आणि पेंटर म्हणतो, रॅलीतल्या एखाद्या चकाचक गाडीवरून शेड उचलू.

तेवढं करू नका. रिस्टोअर केलेल्या गाडीवरून तिच्या मालकाला कोणता ग्रे आवडला एवढंच कळतं. बऱ्याचदा त्यानेही तो दुसऱ्याच्या रिस्टोअर केलेल्या गाडीवरूनच उचललेला असतो. (प्रीमियर काढणारे वालचंद हिराचंद जन्माने सोलापूरचे, म्हणून कंपनीचं शेडकार्ड (रंगांच्या नमुन्यांचा तक्ता) इथे सोलापुरात कुणाच्या माळ्यावर निघेल या आशेवर राहू नका. गाड्या कुर्ल्यात बनायच्या.)

आधी कंपनीतून निघाल्यावर पुन्हा कधीच न रंगवलेली गाडी शोधा, मग ती भंगारात का निघालेली असेना. आपल्याकडच्या कोरड्या हवेत पत्रा कोकणापेक्षा कमी सडतो, त्यामुळे अक्कलकोट रोडच्या गॅरेजांमागे किंवा एखाद्या वाड्याच्या बोळात अशी गाडी अजून सापडते. ती खरंच न रंगवलेली आहे का, हे बीडिंग (काचा-दारांच्या कडेची रबरी पट्टी) आणि वायरिंग सांगतं. रबरावर किंवा वायरींवर रंगाचे शिंतोडे दिसले की समजायचं, मास्किंग टेप लावून कुणीतरी हात मारलाय. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तमच. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) भरतो, पुट्टीवर आकडा एकदम उडी मारतो.

टप आणि बॉनेट बघूच नका. सोलापूरच्या उन्हाने तिथला रंग कधीच खाल्लेला असतो. मागच्या दिव्याचं गॅस्केट काढा, दाराचं पॅड उतरवा, मागची सीट उचला. तुमच्या स्वतःच्या गाडीतही हीच ठिकाणं तपासा. दिव्याखाली रुपयाएवढी जागा दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरने, पाणी लावून, हलक्या हाताने घासा. एकात एक कड्या उमटत जातात: वरचा रंग, त्याखालचा, मग प्रायमर (रंगाखालचं अस्तर), शेवटी पत्रा. प्रायमरला लागून असलेली कडी बघायची. थिनरचा बोळा फिरवू नका, काही जुने रंग त्याने विरघळून कड्या एकमेकींत मिसळतात.

झाकलेला रंगही डोळे झाकून मानू नका. डिकीत किंवा सीटखाली फवारा बऱ्याचदा पातळच मारलेला असतो, खालचा प्रायमर डोकावतो आणि शेड वेगळी वाटते. शिवाय जुना सिंथेटिक पांढरा अंधारात पिवळा पडतो. तो पाहून 'क्रीम होता' म्हणणारे भरपूर. तो भाग काही दिवस उजेडात ठेवा, पिवळेपणा कमी झाला तर पांढराच होता.

एकाच गाडीवर निर्णय घेऊ नका. शक्य तर त्याच सालाच्या दोन-तीन बघा. थोडा फरक निघेलच, कारण रंगाच्या दोन बॅच तंतोतंत सारख्या येत नसत.

मग रबिंग कंपाउंडने साफ केलेला तुकडा, उदाहरणार्थ पेट्रोल टाकीचं झाकण, रंगाच्या दुकानात शेड ओळखणाऱ्या मशिनवर वाचून घ्या. साफ न करता वाचला तर मशिन विटलेलाच रंग बनवून देईल. पेंटरकडून पत्र्यावर नमुना मारून घ्या, वाळू द्या आणि सकाळच्या उजेडात शेजारी धरून बघा. गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली जुळलेला ग्रे बाहेर आल्यावर हिरवट दिसू शकतो. जमला की फॉर्म्युल्याची चिठ्ठी आरसी बुकात ठेवून द्या, उद्या कुणी दार ठोकलं तर तेवढंच रंगवता येईल.