सीबीचा अँटेना आणि पिकअपची अर्थिंग

प्रश्न: सर, मी खानापूरचा, माझ्या पिकअपला सीबी रेडिओ (गाडीतनं बोलायचा वायरलेस सेट) बसवलाय, अँटेना मागच्या हौद्याच्या पाइपला क्लॅम्पनं लावलाय. एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडनं पॉवर किती उलटी येते ते दाखवणारा) ३ च्या वर जातोय, अँटेना कापून आखूड केला तरी तसंच. काय करू?

उत्तर: आधी ती कापाकापी थांबवा बघू! चॅनेल १ आणि ४० दोन्हीकडं रीडिंग घेतलं का? ४० वर जास्त आलं तर अँटेना लांब, १ वर जास्त आलं तर आखूड, पण सगळीकडंच ३ च्या वर असेल तर लांबीचा दोष नसतोय, बहुतेक अर्थिंगचाच. २७ मेगाहर्ट्झची लाट ११ मीटरची, तिच्या पाव भागाचा अँटेना म्हणजे पावणेतीन मीटर, आणि अँटेनाचा उरलेला अर्धा भाग म्हणजे तुमच्या गाडीचा पत्रा, तोच जोडलेला नसेल तर पॉवर उलटी सेटमध्ये येते आणि आउटपुट ट्रान्झिस्टर जळू शकतो, म्हणून तोवर बोलायचं बटण दाबू नका.

हौदा बऱ्याचदा रबरी बुशांवर बसलेला असतो, त्यात पाइपला जाड पेंट आणि आपल्याकडच्या पावसात गंज, मग संपर्क कुठनं येणार ओ? मल्टिमीटरनं कोॲक्सची (सेट ते अँटेना जाणाऱ्या केबलची) बाहेरची जाळी ते चासी मोजा, शून्याजवळ ओहम यायला पाहिजे. नाही आलं तर क्लॅम्पखालचा पेंट चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, हौदा ते चासी रुंद, चपटी तांब्याची जाळीपट्टी आखूडात आखूड जोडा (साधी बारीक वायर इथं चालत नाही), वरून ग्रीस लावा.