तुमचे प्रश्न : कारभारी राजा कसा झाला?

प्रश्न : फ्रँकांचा, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात राज्य करणाऱ्या लोकांचा, पेपिन हा मुळात राजवाड्याचा कारभारी. तरी राजाला काढून तो स्वतःच गादीवर बसला. आपल्याकडे पेशवे एवढे प्रबळ होऊनही छत्रपती झाले नाहीत. मग पेपिनला हे कसे जमले?
— एक वाचक, साखळी

उत्तर : पेशव्यांची आठवण काढलीत, बरे झाले, वर्गात मीही हा भाग तसाच शिकवायचो. १७४९ साली शाहू महाराज गेले, सारा कारभार पुण्याला आला, पण पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहूनच यायची. पेपिनच्या घराण्यानेही बरीच वर्षे असेच निभावले. त्याचा बाप चार्ल्स मार्टेल तर एवढा जबरदस्त, की ७३७ साली राजा वारल्यावर त्याने मरेपर्यंत गादी रिकामीच ठेवली. कोणाचे काही अडले नाही! तरी त्या गादीवर बसायला तोही धजला नाही. तो वारल्यावर बंडे उठली, तेव्हा पेपिन आणि त्याच्या भावाला ७४३ साली जुन्या मेरोव्हिंजियन राजघराण्यातला तिसरा चिल्डेरिक शोधून बसवावा लागला.

पुढे भाऊ संन्यासी होऊन मठात गेला आणि पेपिनने रोमला दूत धाडले. पोप झकारियासला विचारले : हाती काहीच सत्ता नाही, त्याने राजा म्हणवून घ्यावे का? उत्तर पाहिजे तेच आले. ७५१ साली सरदारांनी पेपिनला राजा केले. चिल्डेरिकचे लांब केस, म्हणजे त्या घराण्याचे राजचिन्हच, कापून त्याची मठात रवानगी झाली. हे शेवटचे राजे बैलगाडीतून फिरत, असे आईनहार्ट लिहितो. पण तो पेपिनच्या मुलाच्या, शार्लमेनच्या, दरबारातला माणूस. त्याची साक्ष जरा जपूनच घ्यावी.

तलवार पेपिनकडे होतीच. उणीव होती ती मानाची. ती भरून काढली तेलाने. गोव्यात बाप्तिस्म्याला बाळाच्या टाळूला पवित्र तेल लावतात, ते आपण शेजारच्या घरी पाहिलेले असते. ७५४ साली नवा पोप दुसरा स्टीफन आल्प्स ओलांडून स्वतः आला आणि पॅरिसजवळच्या साँ-दनी येथे त्याने पेपिनला व त्याच्या दोन्ही मुलांना तसाच तेलाचा अभिषेक केला. एवढा प्रवास काही फुकट नव्हता. उत्तर इटलीतल्या लोंबार्ड लोकांचा राजा आयस्टुल्फ रोमच्या उंबरठ्यावर येऊन ठेपला होता. पेपिनने दोन स्वाऱ्या करून त्याला नमवले. लोंबार्डांनी बळकावलेले इटलीतले रावेन्ना शहर मूळचे बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राटाचे. त्याचे दूत ते परत मागायला आले, पण पेपिनने ७५६ साली ते पोपलाच दिले.